सख्ख्या भावाचं लेखी

चांगदेवच्या वस्तीवर पोचलो आणि चपला काढायच्या की नाही, इथेच अडलो. सख्ख्या धाकट्या भावाचं घर, त्याचा पाया मी स्वतः उभा राहून भरून घेतलेला, आणि मी ओट्याशी वसुलीला आलेल्या माणसासारखा उभा. चौदा वर्षांत त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, पिशवीत कोरा स्टॅम्प पेपर आणि माझ्या मुलाने, तुषारने, लक्झेंबर्गहून पाठवलेला मजकूर.

मंदा, म्हणजे चांगदेवची बायको, बाहेर आली. मला बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आत वळून म्हणाली, "अहो, दादा आलेत." एवढंच. जसा काही मी दर गुरुवारी येतो.

चांगदेव बाहेर आला तो हात पुसत. म्हातारा झाला होता. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण मिशा माझ्याआधी पांढऱ्या झालेल्या. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पिशवीकडे बघितलं. खाटेवरची गोधडी बाजूला सारली आणि बस म्हणाला. मग मी चपला काढल्या.

पाणी झालं, चहा झाला. चहा पिताना आम्ही दोघं कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार यावर बोललो. मी साखर कारखान्यात केमिस्ट होतो, मला आवर्तनाचं काय? पण बोलायला दुसरं काही सुचेना. शेवटी कप खाली ठेवला आणि कामाचं काढलं.

काम असं होतं. माझी बायको लीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिच्या तेराव्याला, सगळे पाहुणेरावळे जेवायला बसलेले असताना, तुषार ताटावरून उठून म्हणाला होता, "नानांना मी एकटं ठेवणार नाही. माझ्याकडे नेणार." बायकांनी डोळे पुसले. माझ्या व्याह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

तुषार एकुलता एक. लक्झेंबर्गला एका बँकेत संगणकाचं काम करायचा. हा देश एवढासा आहे की उभा मोजला तरी कोपरगाव ते नगर एवढेही किलोमीटर भरत नाहीत. पण श्रीमंती विचारू नका. तिथल्या गोठ्यातल्या गाईसुद्धा आपल्या तहसीलदारापेक्षा ऐटीत उभ्या असतात. मी दोनदा जाऊन आलो होतो, तीन-तीन महिने. व्हिसा तेवढाच मिळतो.

तिथे माझा दिवस कसा जायचा ते सांगतो. सकाळी साडेसातला तुषार, सूनबाई केतकी आणि नात रेवा असे तिघं निघायचे. दार लागलं की घरात फ्रिजचा आवाज. मी खिडकीत बसायचो. एका सकाळी मोजली तर रस्त्याने चार माणसं गेली, त्यातला एक टपालवाला. खालच्या मजल्यावरची एक बाई जिन्यात भेटली की "मोयेन" म्हणायची, म्हणजे आपला रामराम. मीही "मोयेन" म्हणायचो. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तोंडातून निघालेला तेवढाच शब्द. काही दिवस ती बाई भेटायची नाही, मग तोही नाही.

मग तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर जायचं कशाला होतं? साडेपाचसाठी. साडेपाचला कुलपात किल्ली फिरायची आणि माणसं घरात यायची. केतकी पिशव्या ठेवायची, रेवा मोजे भिरकावायची, तुषार म्हणायचा, "काय नाना, काय केलं दिवसभर?" कोपरगावच्या माझ्या दोन खोल्यांत लीला गेल्यापासून बाहेरून कोणी कुलूप उघडलं नव्हतं. लावणारा मी, उघडणारा मी. मला तिकडे कायमचं जायचं होतं ते एवढ्यासाठी. युरोप बघण्याची हौस पहिल्या आठवड्यातच फिटली होती.

कायमचं राहायचं तर तिथल्या सरकारकडे अर्ज करावा लागतो. तुषार म्हणाला होता खरा तेराव्याला, पण पुढे दोन वर्षं काही हाललं नाही. आज कामाचा ताण, उद्या रेवाची शाळा. मी दर रविवारच्या फोनवर विचारायचो, तो म्हणायचा, "करू ना नाना, घाई काय आहे?" दुसऱ्या मुक्कामात मी स्वतःच त्याला एका वकीलबाईकडे घेऊन गेलो. म्हणजे नेलं त्याने, पण उठवला मी. ती बाई फ्रेंचमध्ये बोलली, तुषारने मराठीत सांगितलं. नुसता बाप असून भागत नाही. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, माझा खर्च मुलगा करतो. दोन, माझ्या गावात माझं बघणारं कोणी उरलेलं नाही.

"कोणी म्हणजे?" मी विचारलं.

तुषारने बाईला विचारलं. बाईने कागदावर नजर टाकली आणि आमच्या कुटुंबाच्या दाखल्यातल्या एका नावावर पेनचं टोक ठेवलं. चांगदेव. सख्खा भाऊ, त्याच तालुक्यात. त्याच्याकडून लेखी लागेल की मी यांना सांभाळत नाही आणि सांभाळू शकत नाही. नोटरीपुढे सही केलेलं.

बाहेर आल्यावर तुषार म्हणाला, "काकांकडे जावं लागेल, नाना. जमणार आहे का तुम्हाला? नाहीतर राहू द्या." मी म्हणालो, राहू कशाला द्यायचं, भीक मागायला थोडाच चाललोय, एक सही तर घ्यायचीय. त्या संध्याकाळी जेवताना रेवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी जाणार?" तिची खोली मला दिलेली होती, पोर आईबापात झोपत होती. सगळे हसले. मीही हसलो.

तर ती सही घ्यायला मी खाटेवर बसलो होतो.

सगळं सांगून झाल्यावर चांगदेवने हात पुढे केला. मजकुराचा कागद घेतला, चष्मा शोधला, चष्मा मंदानेच आणून दिला. वाचला. परत पहिल्या ओळीपासून वाचला. मग घडी घालून खाटेवर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"म्हणजे मी असं लिहून द्यायचं," तो म्हणाला, "की मी माझ्या थोरल्या भावाला टाकलंय."

"टाकलंय असं कुठे आहे? सांभाळत नाही, असं आहे. आणि खरंच आहे की ते. तू कुठे सांभाळतोस? मी कुठे तुला सांभाळ म्हणालोय? नुसतं जे आहे ते लिहायचंय."

"दादा, एकदा तू साऱ्या गावापुढे बोललास. आता सरकारी कागदावर, माझ्याच सहीने पाहिजे का तुला?"

आता हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमची आई चांगदेवकडे असायची, या वस्तीवर. मी कारखान्याच्या कॉलनीत. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी यायचो, तिच्यासाठी बिस्किटं आणायचो, तासाभराने निघायचो. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती. तिचं सगळं मंदाने केलं, हे मी आज म्हणतो. तेव्हा मी फक्त एवढंच बघायचो की आई वाळत चाललीय. तिच्या दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर आम्ही पिंड ठेवून बसलो आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला, तास झाला. कावळे होते. समोर झाडावर दहा-बारा बसलेले. एकही खाली येईना. कीर्तनकार महाराज थांबले, लोक घड्याळं बघायला लागले. जो तो पिंडापाशी जाऊन आईला वचन देऊन आला. नातवंडांना शिकवू म्हणाले, जमीन विकणार नाही म्हणाले. कावळे ढिम्म. माझं डोकं फिरलं. मी दोन-तीनशे माणसांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "जिला जिवंतपणी घास घातला नाही, तिच्या पिंडाला कावळा कसा शिवेल?"

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो चांगदेवने पिंडाला लावला, नदीत उतरून आंघोळ केली आणि ओल्या अंगाने घरी गेला. त्यानंतर आमचं बोलणं बंद. लीला गेली तेव्हा तो स्मशानात आला होता, लांब बाभळीखाली उभा राहिला आणि लाकडं पेटल्यावर निघून गेला.

मला काय पुरावा होता आईला उपाशी ठेवल्याचा? काही नाही. मी स्वतः बिस्किटाच्या पुड्यावर मोकळा झालो होतो, ते मला टोचत होतं, आणि मी ते याच्या अंगावर फेकलं. पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्या दिवशी खाटेवर बसून तर मी ते कबूल करणारच नव्हतो. मी म्हणालो, "झालं गेलं उगाळू नकोस. माझ्या म्हातारपणाचा प्रश्न आहे. तू सही दिली नाहीस तर मी इथेच कुजेन."

त्याने कागदाची घडी उलगडली आणि परत घातली. मंदा दारात उभी होती, तिचा पदर तोंडाशी.

"चार दिवस दे," तो म्हणाला. "पण हा मजकूर नको. मी माझ्या शब्दांत लिहीन. नोटरी करून थेट तुषारला पाठवीन, तुझ्या हातात देणार नाही. माझ्या हातचं असलं काही तू वाचायचं नाहीस. जमतंय का?"

मला काय, जमलं. मनात म्हटलं, याने मला टाकलं हे याच्या अक्षरात वाचायची मलाही कुठे हौस आहे? मी उठलो. मंदा जेवायला थांबा म्हणाली, मी स्कूटरला किक मारली.

आठवड्याभराने रविवारचा फोन आला तेव्हा मी आधी तेच विचारलं. तुषार म्हणाला, काकांचं पत्र आलं. मी म्हणालो, बरोबर लिहिलंय ना? तो म्हणाला, "ठीक आहे, नाना. फ्रेंच करून घेतो आणि फाइलमध्ये लावतो." मला एकदम मोकळं वाटलं. चांगदेवबद्दल जरा बरंही वाटलं. बिचाऱ्याने लिहिलं म्हणायचं.

अर्ज गेला. मग आठ महिने वाट.

वाट बघणाऱ्या माणसाने गप्प बसावं. मी बसलो नाही. मी गावभर सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, बँकेतल्या त्या कारकुनाला सांगितलं, जो मला दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी तासभर बसवून ठेवतो. लीलाच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या शेजारच्या गुजराथी बाईंना दिल्या. स्कूटर विकली. आमच्या पेन्शनर मंडळाने मारुतीच्या सभामंडपात माझा निरोपसमारंभ केला, शाल, श्रीफळ, वर चार भाषणं. एकजण म्हणाला, दवंगे नानांनी मुलाला घडवलं, आता मुलगा नानांना जग दाखवतोय. टाळ्या पडल्या. मी हात जोडून उभा होतो, तेराव्याच्या ताटावरून उठलेल्या तुषारसारखाच तोंडावर भाव आणून. घरी आल्यावर ती शाल घडी करून बॅगेत टाकली. तिकडे थंडी असते.

बॅग भरलेली होतीच. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक कुकर, एक ताट, दोन वाट्या एवढंच बाहेर ठेवलं होतं. भिंतीवरचे फोटोसुद्धा काढून ठेवले. संध्याकाळी त्या मोकळ्या भिंतींकडे बघत बसायचो आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही. जाणाऱ्याचं घर असंच दिसणार.

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. मंगळवारी तुषार कधी फोन करत नाही. तिकडे सकाळचे सात वाजलेले.

"नाना, नकार आला," तो म्हणाला.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. त्याला म्हणालो, काय लिहिलंय ते वाच. तो एकेक वाक्य मराठी करून सांगत गेला. अर्ज पाहिला, कागदपत्रं पाहिली, अमुक कायदा, तमुक कलम. मग म्हणाला, "अर्जदाराचे सख्खे बंधू त्याच तालुक्यात राहतात. ते अर्जदाराची सर्व प्रकारे काळजी घेतात व यापुढेही घेतील, असं त्यांनी स्वतः लेखी दिलं आहे. त्यामुळे अर्जदारास मूळ देशात कुटुंबाचा आधार नाही, असं म्हणता येत नाही."

"काय दिलंय म्हणालास?"

"काकांनी तसं लिहिलंय, नाना."

पुढे तो अपील वगैरे काहीतरी सांगत होता. मी फोन बंद केला. चौदा वर्षं दबा धरून बसला आणि बरोबर वेळ साधली, एवढंच डोक्यात. स्कूटर नव्हती. स्टँडपर्यंत चालत गेलो, काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेतलं, कालव्याच्या पुलावर उतरलो आणि तिथून भर उन्हात वस्तीपर्यंत चालत गेलो. वाटेत चांगदेवला काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. आईवरून बोलायचं, तेसुद्धा ठरवलं होतं.

तो जेवायला बसला होता. मंदा भाकरी थापत होती. मी चपलांसकट आत गेलो आणि सुरू झालो. काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. तू माझा सूड घेतलास, हे दोनदा म्हणालो. खोटारडा म्हणालो. चौदा वर्षांत घोटभर पाणी विचारलं नाहीस आणि कागदावर सांभाळतो म्हणतोस, असंही म्हणालो.

चांगदेवने हात ताटातच धुतला. अर्धी भाकरी तशीच होती.

"खोटंच आहे ते," तो म्हणाला. "मला माहीत आहे. तीनदा लिहायला बसलो, दादा. मी माझ्या भावाला बघत नाही, एवढं लिहायचो आणि हात पुढे जाईना. आधीच एकदा आईचं बालंट घेऊन बसलोय. म्हटलं, हा कागद कुठल्या परक्या मुलखात जाणार, तिथले लोक वाचणार, की हा चांगदेव दवंगे, याने आईलाही नाही बघितलं, भावालाही नाही. नाही लिहिलं गेलं. मग लिहिलं की तू मला वडलांच्या जागी आहेस आणि तुझं सगळं मी बघतो."

"मग मला सांगायचं होतंस. मी दुसरा काही उपाय केला असता. माझ्या पाठीमागे पाठवून माझं वाटोळं केलंस."

"तुझ्या पाठीमागे पाठवलं, पण तुषारला विचारून पाठवलं."

"तुषारला?" मी म्हणालो.

"नोटरीकडे जायच्या आधी त्याला फोन केला," चांगदेव म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सगळं वाचून दाखवलं, ओळ न् ओळ. म्हटलं, बाळा, याने तुमचं काम बिघडतंय का? बिघडत असेल तर सांग. मी छातीवर दगड ठेवून तुम्हाला पाहिजे तसं लिहितो. दोनदा विचारलं मी त्याला."

"मग?"

"तो गप्प बसला बराच वेळ. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, काका, असंच पाठवा."

मी मंदाकडे बघितलं. बाई खोटं बोलणारी नव्हती, चौदा वर्षांच्या भांडणातही तिने माझ्याविषयी कुठे वावगं बोलल्याचं कानावर आलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपत होती आणि ती उलटत नव्हती. तेव्हा फोन स्पीकरवर असणार. तिने ऐकलं होतं.

"मी तुला हे सांगणार नव्हतो," चांगदेव म्हणाला. "मेलो तरी सांगितलं नसतं. तू सूड म्हणालास, म्हणून बोलून गेलो."

माझ्या पायात अजून चपला होत्या. मी मागे झालो, त्या उंबऱ्याबाहेर काढल्या, आणि मग लक्षात आलं की आता आत येऊन करायचं तरी काय. परत घातल्या. मंदा उठली आणि म्हणाली, "दादा, उन्हाचं जाऊ नका. दोन घास खाऊन जा." चांगदेवही म्हणाला, जेव. मी मानेनेच नको म्हणालो. आईच्या वेळी जे बोललो ते चुकलं, हे तेव्हा म्हणायला हवं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. तेही म्हटलं नाही. ते मी पुढे दीड वर्षाने म्हणालो, तोवर त्याला ऐकू कमी यायला लागलं होतं आणि मला दोनदा म्हणावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. कुलूप काढलं, आत आलो, बॅगेवर बसलो. दुसरं बसायला होतं, पण बॅगेवर बसलो. तुषारचं वय तेव्हा सदतीस. लहानपणी त्याला नाही म्हणता यायचं नाही. पाहुण्यांनी ताटात चौथी पोळी वाढली तरी खायचा आणि मागे जाऊन ओकायचा. लीला म्हणायची, याला नाही म्हणायला शिकवा हो. मी हसायचो.

मला राग आला नाही असं नाही. खूप आला. त्याला फोन लावून विचारावं, तुला नको होतो तर तोंडाने सांगायचं होतंस, मी काय तुझ्या दारात येऊन बसणार होतो? पण मग त्याने काय म्हणायचं? तो म्हणाला असता, नाही नाना, तसं नाही. आणि ते खोटं मला ऐकावं लागलं असतं, दर रविवारी, मरेपर्यंत.

साडेतीनला त्याचाच फोन आला. तिकडे जेवणाची सुट्टी. त्याने पहिल्यांदा विचारलं, तुम्ही फोन का बंद केला, मी सारखा लावतोय. मग एका दमात सांगायला लागला की वकीलबाईशी बोललो, अपील करता येतं, वेळ लागेल, पण करू, तुम्ही धीर सोडू नका. आवाज ओढलेला होता. ताटातली चौथी पोळी खाताना यायचा तसाच.

"तुषार," मी म्हणालो, "अपील नको करू."

"का, नाना?"

"मी चांगदेवकडे जाऊन आलो. त्याने लिहिलंय ते खरं आहे."

पलीकडे काही आवाज नाही. श्वाससुद्धा नाही.

"म्हणजे?" तो म्हणाला.

"म्हणजे आमचं मिटलंय कधीचंच. तुला बोललो नाही. तो बघतो माझं सगळं. मंदा आहे, पोरं आहेत त्याची. मला इथं काय कमी आहे? तिथे दिवसभर खिडकीत बसून माझी पाठ धरते."

"खरंच, नाना?"

"खरंच. आत्ताच जेवून येतोय त्याच्याकडून. मंदाने आग्रह करकरून वाढलं."

मग त्याने श्वास सोडला. इतका लांब, की मला तो इथे ऐकू आला. "बरं झालं, नाना," तो म्हणाला. "बरं झालं." तो रडत होता असं मला वाटतं. मी विचारलं नाही, या गोष्टीला आज सात वर्षं झाली, अजूनही काही विचारलेलं नाही.

मग तो बोलत सुटला. रेवाचा दात पडलाय, तिला पोहायला घातलंय, केतकीला बढती मिळाली, ऑफिसमध्ये एक नवा मराठी मुलगा आलाय, साताऱ्याचा. मधेच हसला. आम्ही अर्धा तास बोललो असू. लीला गेल्यापासून तो माझ्याशी इतकं मोकळं कधी बोलला नव्हता. मी हूं हूं करत होतो आणि मला खोटं कशाला सांगू, चांगलं वाटत होतं. शेवटी म्हणाला, "ठेवतो नाना, मीटिंग आहे. काकांना माझा नमस्कार सांगा. आणि काकूला."

सांगतो म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा चार वाजले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी उठलो, वाटीभर तांदूळ धुतले आणि कुकर लावला.